झाडूगाडीची सेवा, चौदा महिने: तळाच्या पॅनमध्ये काय उतरलं

आमच्या रस्त्यावर गेले चौदा महिने यांत्रिक झाडूगाडी येते आहे. आठवड्यातून एकदा, पहाटे. सेवा कशी आहे असं ओळखीचे लोक विचारतात तेव्हा त्यांना एवढंच हवं असतं, की रस्ता स्वच्छ दिसतो का. दिसतो, पहिल्या दिवसापासून दिसतो. पण मी या गाडीची वाट वेगळ्याच कारणासाठी पाहत होते आणि हा अभिप्रायही त्याच कारणावरून देते आहे.

आमचं घर उताराच्या अगदी तळाशी आहे. वरच्या सगळ्या रस्त्याचं पाणी आमच्या फाटकासमोरच्या लोखंडी जाळीत उतरतं आणि तिथून पाइपातून थेट मागच्या ओढ्यात जातं. वाटेत कुठेही ते गाळलं जात नाही. जिथे सांडपाण्याची गटारं वेगळी आणि पावसाळी गटारं वेगळी असतात, तिथे बहुतेक ठिकाणी हे असंच चालतं. तरीही माझ्या शेजारच्या शिकल्यासवरल्या माणसांना वाटत होतं की जाळीतलं पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जात असणार. त्यामुळे उरलेला रंग, गाडी धुतल्याचं पाणी, झाडलेला कचरा, सगळं निर्धास्तपणे त्या जाळीत ओतलं जायचं. मोठा पाऊस झाला की ओढ्याचं पाणी काळपट व्हायचं, वर तेलाचा तवंग यायचा. मी ते वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आहे आणि दर वेळी जिवाला लागलं आहे.

मी ३१ वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मृदा प्रयोगशाळेत सहायक होते. माती वाळवणं, चाळणं, तोलणं, नोंदी करणं हेच काम. निवृत्त झाल्यावरही तिथल्या मंडळींनी मला चाळण्यांचा संच वापरू दिला, म्हणून हे लिहिता येतं आहे. ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीपासून खाली उतरत उतरत ७५ मायक्रॉनपर्यंत, आणि सगळ्यात खाली पॅन. ७५ मायक्रॉन म्हणजे साधारण माणसाच्या केसाची जाडी. त्याहून बारीक जे असेल ते पॅनमध्ये उतरतं. या सेवेचा खरा निकाल त्या पॅनमध्ये लागतो.

पहिले आठ महिने आमच्याकडे ब्रशची गाडी यायची. हा प्रकार बहुतेकांनी पाहिला असेल. दोन्ही बाजूंना तिरके फिरणारे गोल ब्रश कडेचा कचरा मध्ये ओढतात, मागचा आडवा मोठा ब्रश तो उचलून सरकत्या पट्ट्यावर टाकतो आणि पट्टा तो हॉपरमध्ये, म्हणजे गाडीच्या पोटातल्या पेटीत, नेऊन सोडतो. धूळ उडू नये म्हणून पुढून पाण्याचे फवारे. गाडी गेल्यावर रस्त्यावर कागद, पाचोळा, खडी, बाटल्यांची झाकणं काहीही उरत नसे. लोक खूश होते.

मी कडेच्या दगडाला लागून एक मीटर लांब आणि एक फूट रुंद पट्टा खडूने आखला. कडेलाच का? कारण चाकांच्या वाऱ्याने रस्त्यावरची धूळ कडेला जाऊन साठते. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी अनेक शहरांच्या रस्त्यांवर अभ्यास झाला होता. त्याचा १९७२ सालचा अहवाल सांगतो की रस्त्यावरच्या मळापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कडेपासून सहा इंचांत सापडला. गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी मी अर्धा पट्टा मऊ ब्रशने झाडून घ्यायचे आणि गाडी गेल्यावर उरलेला अर्धा. दोन्ही नमुने वाळवून चाळायचे. सुरुवातीला मी कोरडंच चाळत होते, पण त्यात बारीक धूळ वाळूच्या कणांना चिकटून वरच राहते. मग ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुऊन घ्यायला लागले, तेव्हा आकडे खरे बोलू लागले.

एका नमुन्याचा हिशेब सांगते. गाडीच्या आधी अर्ध्या पट्ट्यावर ३१० ग्रॅम, गाडीनंतर दुसऱ्या अर्ध्यावर १४० ग्रॅम. निम्म्याहून अधिक गेलं, म्हणजे काम चांगलं झालं असंच कुणीही म्हणेल. पण पॅनमध्ये आधी १९ ग्रॅम होते आणि नंतर १७. जाड माल गाडीने नेला, बारीक धूळ जिथल्या तिथे राहिली. उलट फवाऱ्याच्या पाण्याने तिचा चिखल होऊन ती डांबराच्या खळग्यांत लिंपली गेली होती. वाळल्यावर बोट फिरवलं की राखेसारखी निघायची.

ही राखेसारखी धूळच ओढ्याला मारते, हे मला आधी माहीत नव्हतं. त्याच १९७२ च्या अहवालात आहे की ४३ मायक्रॉनहून बारीक कण एकूण वजनाच्या जेमतेम सहा टक्के भरले, पण जड धातूंपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्यातच होते. कण जितका बारीक, तितकं त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभागाचं क्षेत्र मोठं आणि तितकंच त्याला चिकटणारं विष जास्त. त्या वेळच्या ब्रशच्या गाड्या दोन मिलिमीटरहून मोठा माल पाचात चार भाग उचलत होत्या, तर या सगळ्यात बारीक धुळीपैकी फक्त १५ टक्के. माझ्या एका मीटरच्या पट्ट्यावर मला तेच दिसलं होतं.

त्या धुळीत असतं तरी काय? माझ्या पॅनमध्ये चुंबक फिरवला तर काळी दाढी उगवल्यासारखे लोखंडाचे कण चिकटतात. हे ब्रेकचं, गंजाचं, झिजलेल्या भागांचं. ब्रेकच्या अस्तरात तांबं असतं आणि तांबं पाण्यातल्या जिवांना मारायला अगदी थोडंही पुरतं. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून ब्रेकमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं. टायरच्या रबरात जस्त असतं. आणि टायर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ते ओझोनशी मिळून ६पीपीडी-क्विनोन तयार होतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पावसानंतर ओढ्यांमधले कोहो साल्मन मासे अंडी घालायच्या आत का मरतात, याचा छडा २०२० च्या शेवटी लागला तो या रसायनापाशी. टायर झिजतो म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो रस्त्याच्या कडेला जाऊन बसतो आणि पावसाची वाट पाहतो. हे वाचल्यापासून मला गुळगुळीत झालेला टायर दिसला की त्याची उरलेली जाडी कुठे गेली हाच विचार येतो.

सेवा घेण्यावर आक्षेप घेणारे एक गृहस्थ आमच्या बैठकीत म्हणाले होते, झाडल्याने पावसाच्या पाण्यात काही फरक पडत नाही हे अमेरिकेत केव्हाच सिद्ध झालंय. त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. तिथला देशभरचा शहरी पावसाळी पाण्याचा अभ्यास १९८३ मध्ये पुरा झाला, आणि रस्ते झाडून पाण्याचा दर्जा सुधारतो असं साधारणपणे दिसत नाही, हाच त्याचा निष्कर्ष होता. पण तो अभ्यास तेव्हाच्या गाड्यांवर बेतलेला होता. मी माझे १९ आणि १७ ग्रॅम बैठकीत सगळ्यांपुढे ठेवले आणि म्हटलं, ब्रशच्या गाडीबद्दल हे गृहस्थ बरोबर आहेत, म्हणून आपल्याला दुसरी गाडी मागायला हवी.

सेवा देणाऱ्या कंपनीकडे दुसऱ्या जातीची गाडी होतीच, फक्त ती मोठ्या रस्त्यांसाठी राखून ठेवलेली होती. चार पत्रं लिहावी लागली. नवव्या महिन्यात ती आली.

या गाडीत मागचा मोठा ब्रश नाही. रस्त्याला टेकून एक रुंद पेटी सरकते. तिच्या एका बाजूने ब्लोअर जोराची हवा जमिनीवर मारतो. ती हवा भेगांमधली धूळ उचलून दुसऱ्या बाजूच्या नळातून हॉपरमध्ये जाते, तिथे वेग मंदावला की धूळ खाली बसते आणि तीच हवा फिरून पुन्हा रस्त्यावर येते. हवा आतल्या आत फिरत असल्याने धूळ बाहेर फेकली जात नाही. बाजूचा गोल ब्रश फक्त कडेचा माल पेटीच्या वाटेत लोटण्यापुरता. आवाज मात्र जास्त आहे. पहाटे साडेपाचला तान्ह्या मुलाची झोप मोडते अशी तक्रार दोन घरांतून आली आणि ती योग्य आहे. आमच्या रस्त्याची वेळ तासभर पुढे ढकलून घेतली.

पहिल्या फेरीनंतर मी पट्टा झाडायला बसले तर ब्रशला फारसं काही लागेचना. आधी २६५ ग्रॅम, नंतर ५८. पॅनमध्ये आधी १६, नंतर ६. मी तो नमुना दोनदा तोलला. इतकी वर्षं तराजूसमोर काढली, पण एखाद्या आकड्याने असा आनंद क्वचितच दिला असेल.

तरी सुरुवातीच्या एका आठवड्यात आकडा पुन्हा वर गेला होता. कारण शोधायला चालकालाच गाठलं. तरुण मुलगा, कामाची आस्था असलेला. म्हणाला, "काकू, त्या दिवशी दोन रस्ते जास्त दिले होते, म्हणून पळवली गाडी." ही गाडी ताशी पाच ते आठ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या भरभर चालण्याइतक्याच वेगाने चालली तरच काम करते. वेग वाढवला की हवा कण उचलायच्या आत पेटी पुढे सरकते. कंपनीच्या पर्यवेक्षकाला "आज किती किलोमीटर झाले" हाच आकडा वर पाठवायचा असतो. चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. किती किलो गोळा झाले हा आकडा मागा, असं मी पर्यवेक्षकांना लिहिलं. आता दोन्ही आकडे नोंदवले जातात, आणि किलोमीटर थोडे कमी झाल्याने कुणाचं काही अडलेलं नाही.

उभ्या गाड्या हा या सेवेचा सगळ्यात मोठा शत्रू. मळ कडेच्या सहा इंचांत आणि नेमकी तिथेच रात्रभर मोटार उभी. झाडूगाडी वळसा घालून जाते, म्हणजे दोन्ही टोकांचे धरून तीन मोटारींइतका पट्टा सुटतो. आम्ही रस्त्याच्या दोन बाजू वाटून घेतल्या: एका आठवड्यात डावीकडे कुणी गाडी लावायची नाही, पुढच्यात उजवीकडे. आदल्या रात्री एक शेजारी सगळ्यांना निरोप पाठवतात. पहिल्या महिन्यात निम्म्या लोकांनी ऐकलं. मग मी दोन काचेच्या बरण्या फाटकाच्या कठड्यावर ठेवल्या. एका मोटारीखालच्या सुटलेल्या पट्ट्यावर पाणी ओतून एक भरली, झाडलेल्या पट्ट्यावर तेवढंच पाणी ओतून दुसरी. पहिलीत दुसऱ्या दिवशीही पाणी शाईसारखं गढूळ होतं, कारण इतकी बारीक धूळ लवकर तळाला बसतच नाही. लोक थांबून बघायचे, मुलं बोट लावून विचारायची. आता क्वचितच एखादी मोटार चुकते.

पाचोळ्याबद्दल मात्र माझं मत पार बदललं. पानं म्हणजे निसर्गाची चीज, ती ओढ्यात गेली तर काय बिघडलं, असं मला वाटायचं. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पानगळीच्या दिवसांत पावसाच्या आधी पानं उचलून रस्ता झाडला तर पावसाच्या पाण्यातला फॉस्फरस ८४ टक्क्यांनी आणि नायट्रोजन ७४ टक्क्यांनी कमी झाला. पानं उचलली नाहीत तर वर्षभराच्या फॉस्फरसपैकी ५६ टक्के त्या एका मोसमात वाहून जात होता. उचलली तेव्हा तो वाटा १६ टक्क्यांवर आला. झाडाखाली मातीत पडलेलं पान कुजून मातीतच मुरतं. डांबरावर पडलेलं पान मोटारींच्या चाकांखाली भुगा होतं, आणि पाऊस त्या भुग्याचा अर्क काढून घेऊन जातो. ओढ्याच्या संथ डोहात तो फॉस्फरस शेवाळाला मिळतो. शेवाळ माजतं, मरतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मासे वर येऊन तोंड उघडत राहतात. मी एका बरणीत मूठभर कुस्करलेली पानं भिजवून पाहिली. रात्रभरात पाणी गडद तांबूस झालं.

यातून सेवेतली एक मोठी त्रुटी समोर आली. गाडी ठरलेल्या वारी येते, पाऊस कधी आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. मागच्या पानगळीत सलग दोनदा असं झालं की रस्त्यावर पानांचा थर, रात्री पाऊस, आणि सकाळी भिजलेल्या रिकाम्या रस्त्यावरून गाडी फिरून गेली. जे उचलायचं होतं ते रात्रीच ओढ्यात पोचलं होतं. पावसाचा अंदाज असेल तर फेरी एक दिवस आधी घ्या, पानगळीत आठवड्याला दोन फेऱ्या घ्या आणि बाकीच्या दिवसांत हवी तर एखादी कमी करा, अशी मागणी मी चालू ठेवली आहे. कंपनीने पहिला भाग मान्य केला आहे. दुसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हा अभिप्राय जवळजवळ एका वाक्यात संपवला असता. अकराव्या महिन्यात एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी पाहिलं की झाडूगाडी ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत मागे मागे गेली आणि तिने हॉपर तिथेच उपडा केला. आमच्या आणि आजूबाजूच्या दहा रस्त्यांचा मळ, काळा, ओला, पाण्यापासून हाताच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस झाला आणि ढीग निम्मा उरला. आठवडाभर आम्ही मोटारी हलवल्या, बरण्या ठेवल्या, आकडे लिहिले, आणि सगळं एका रात्रीत जिथे जायला नको होतं तिथेच गेलं. मी त्या दिवशी रडले. मग छायाचित्रं काढली, तारीख घातली आणि पत्र लिहिलं. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं.

आता हा माल छप्पर असलेल्या काँक्रीटच्या ओट्यावर उतरवतात. त्यातून गळणारं पाणी सांडपाण्याच्या वाहिनीला जोडलं आहे, आणि सुकल्यावर तो कचराभूमीकडे जातो. मी स्वतः दोनदा जाऊन पाहून आले. कुणी ही सेवा घ्यायचा विचार करत असेल तर करार करण्यापूर्वी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा: हॉपर कुठे रिकामा करता? आणि ती माती बागेत भरायला फुकट देऊ म्हणाले तर तपासल्याशिवाय घेऊ नका. त्यात काय असतं ते वर सांगितलंच आहे.

गाडी सगळीकडे पोचत नाही. दोन दगडांमधला कोपरा, विजेच्या खांबामागची जागा, जाळीच्या तोंडाशी साचलेला गोळा, हे सगळं अजून खराट्याचंच काम आहे. आमच्या रस्त्यावर सकाळी येणाऱ्या सफाई कामगार बाई पूर्वी कचरा जाळीत लोटायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, जाळीत ढकललं की रस्ता लगेच मोकळा होतो. आम्हाला सुपडी कुणी दिलीय?" खरंच दिलेली नव्हती. आता लांब दांड्याची सुपडी, चाकांचा डबा, हातमोजे आणि चांगला मास्क मिळाला आहे. ही बारीक धूळ ओढ्याआधी त्यांच्या छातीत जाते, त्यामुळे मास्क ही मागणी माझ्या यादीत झाडूगाडीच्याही वर होती. जाळीखालच्या खड्ड्यात साठणारा गाळ पूर्वी दर काही आठवड्यांनी काढावा लागायचा. गेल्या वेळी झाकण उघडलं तर तळ दिसत होता.

झाडूगाडीने जे होत नाही तेही सांगायला हवं. पाण्यात विरघळलेलं काही ती उचलू शकत नाही. डांबरात मुरलेलं तेल तसंच राहतं, छपरांवरून येणारं पाणी तिच्या वाट्यालाच येत नाही, आणि उखडलेल्या रस्त्यावर तर हवेची गाडीही हात टेकते. आमच्या वरच्या वळणावर लांब भेग आहे, तिथला नमुना आधी आणि नंतर जवळपास सारखाच येतो.

पाचपैकी ब्रशच्या गाडीला मी दीड देते. हवेच्या गाडीला, हळू चालवली आणि माल नीट नेऊन टाकला तर, चार. पावसाच्या अंदाजाशी फेऱ्या जुळल्या तर साडेचार.

गेल्या आठवड्यात अंदाज पाहून गाडी एक दिवस आधी आली. रात्री पाऊस पडला. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी सगळ्यात घाण असतं, म्हणून मी छत्री घेऊन जाळीपाशी बसले आणि धार सुरू होताच बरणी भरून घेतली. पाणी गढूळ आहे, पण बरणीच्या पलीकडे धरलेली छापील अक्षरं दिसतात. दोन वर्षांपूर्वीची बरणी मी जपून ठेवली आहे. पुन्हा हलवून तिच्याशेजारी धरली, तर तिच्यातून माझी बोटंही दिसत नाहीत. वळणावरची भेग पुढच्या महिन्यात बुजवणार आहेत, तिथे मी खडूचा पट्टा आतापासूनच आखून ठेवला आहे.